तीच धाव, तेच ठोके, तीन वेगळे स्कोअर

डिसेंबरातल्या एका रविवारी मी आणि माझा मावसभाऊ भाट्याच्या पुलावरून बरोबरीने पळालो. मी त्याला दादा म्हणतो, त्याचं वय ५२. काजळी नदी समुद्राला मिळते तिथला हा पूल. डिसेंबरात सकाळी सहाला तिथे चक्क गार वारा अंगावर येतो, आणि रत्नागिरीत पळणाऱ्यांच्या वाट्याला असे दिवस वर्षातून मोजकेच येतात. ५० मिनिटं एका लयीत पळून आम्ही सुरूच्या बनापाशी थांबलो. दादाने मनगट माझ्यापुढे धरलं. घड्याळ म्हणत होतं की जवळजवळ सगळी धाव झोन २ मध्ये, म्हणजे ठोक्यांच्या पाच पट्ट्यांपैकी खालून दुसऱ्यात झाली, व्यायाम हलका होता.

"बघ, रोज हे असंच," तो म्हणाला. "माझं पळणं... ह्याला दिसतच नाही."

वाक्य मध्येच तोडून त्याने श्वास घेतला, तो मी ऐकला. हलकं पळून आलेला माणूस असा बोलत नाही. गेले चार महिने घड्याळाने 'बरं झालं' म्हणावं म्हणून तो रोज थोडा जास्त जोर लावत होता. पोटऱ्या धरलेल्या, रात्री झोप मोडलेली, आणि घड्याळ धावेच्या श्रमाला देतं तो स्कोअर तरी तिथेच. बनाच्या सावलीत बसून मी त्याच्या अ‍ॅपमधली माहिती उघडली तेव्हा उलगडा झाला. घड्याळ आधी त्याच्या मुलाचं होतं. नोकरी लागल्यावर मुलाने नवं घेतलं आणि जुनं बाबांना दिलं. जन्मतारीख कुणी बदललीच नाही. घड्याळाच्या हिशेबात पुलावरून पळणारा माणूस २४ वर्षांचा होता.

घड्याळात काही बिघाड नव्हता. ठोके ते नीट मोजत होतं. चूक होती ती त्या ठोक्यांचा अर्थ लावायला दिलेल्या मापात, आणि ते माप आपणच भरायचं असतं हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मनगटावरचं घड्याळ ठोके मोजतं आणि वेळ मोजतं. अंतर आणि पेसही (किलोमीटरला लागणारा वेळ) मोजतं, पण ठोक्यांवर आधारलेल्या स्कोअरसाठी पहिल्या दोनच गोष्टी लागतात. 'श्रम' मोजणारं यंत्र त्यात कुठेही नाही. तुमचा आत्ताचा ठोका तुमच्या कमाल ठोक्यांशी, म्हणजे हृदय जास्तीत जास्त जितक्या वेगाने धडधडू शकतं त्या आकड्याशी, ताडून पाहिला जातो. टक्का निघतो. टक्क्यावरून झोन ठरतो, आणि झोनवरून त्या मिनिटाची किंमत.

आपल्याकडे आंब्याची प्रतवारी करतात ना, तसंच. अमुक वजनाच्या वरचा हापूस एका पेटीत, खालचा दुसऱ्या पेटीत. वजनाची रेषा थोडी सरकवली की तोच आंबा दुसऱ्या पेटीत जातो आणि त्याला त्या पेटीचा दर लागतो. आंबा होता तसाच आहे. ठोक्यांच्या झोनचं हेच होतं, फक्त तिथली रेषा कुणी ओढली ते आपल्याला दिसत नाही.

सगळ्यात सोपी पद्धत सॅली एडवर्ड्स यांची, १९९३ मधली. कमाल ठोक्यांच्या ५० ते ६० टक्के म्हणजे झोन १, ६० ते ७० झोन २, आणि असं चढत ९० च्या वर झोन ५. झोन १ मधल्या प्रत्येक मिनिटाला एक गुण, झोन २ मध्ये दोन, झोन ५ मध्ये पाच. सगळ्याची बेरीज म्हणजे स्कोअर. आजच्या कंपन्यांची गणितं याहून गुंतागुंतीची असतात आणि ती त्या पूर्ण उघड करत नाहीत. पण मूळ कल्पना समजायला ही पद्धत पुरेशी आहे, आणि कागद-पेन घेऊन करता येते. मी त्या दिवशी घरी येऊन तेच केलं.

दादाचे ठोके धावभर मिनिटाला १३५ च्या आसपास होते. आपण सरळ ५० मिनिटं १३५ धरू.

घड्याळं कमाल ठोके सहसा '२२० वजा वय' या सूत्राने धरतात. मुलाच्या वयाने ते होतात १९६. त्याच्या ६९ टक्के म्हणजे १३५. झोन २, स्कोअर १००.

दादाच्या खऱ्या वयाने सूत्र देतं १६८. त्याच्या ८० टक्क्यांहून जरा जास्त म्हणजे १३५. झोन ४, स्कोअर २००.

पुढे जानेवारीत आम्ही त्याचे कमाल ठोके प्रत्यक्ष काढले, ते आले १७९. त्याच्या ७५ टक्के म्हणजे १३५. झोन ३, स्कोअर १५०.

तीच धाव, तोच पूल, तेच छातीतले ठोके. यातला मधला हिशेब नीट बघा. जन्मतारीख दुरुस्त केली म्हणजे काम झालं, असं आम्हाला दोघांनाही वाटलं होतं. नुसतं तेवढं करून थांबलो असतो, तर घड्याळ एका टोकाच्या चुकीतून उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं असतं.

कारण ते '२२० वजा वय' हे सूत्र. फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या १९७१ च्या लेखातून ते जगभर गेलं. तो लेख हृदयरोग टाळण्यासाठीच्या व्यायामाबद्दल होता. धावपटूंवर नीट आखलेला प्रयोग करून हे सूत्र निघालेलं नाही, तेव्हा हाताशी असलेल्या वेगवेगळ्या अभ्यासांतल्या आकड्यांमधून एक ढोबळ रेषा ओढली गेली. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतली १८,७१२ माणसांची माहिती एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र मांडलं. त्याने दादाचे येतात १७२, म्हणजे थोडं जवळ. तरी कुठलंही वयाचं सूत्र सरासरीच सांगणार. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज पडतो. आणि कमाल ठोके जास्त म्हणजे माणूस जास्त तंदुरुस्त, असंही नाही. कुणाची उंची कमी, कुणाची जास्त, तसाच हा आकडा. सराव करून तो फारसा वाढत नाही.

अजून एक गोष्ट कागदावर दिसली. १६८ च्या ८० टक्के म्हणजे १३४.४. म्हणजे त्या सेटिंगमध्ये १३४ ठोक्यांनी पळालात तर झोन ३, ५० मिनिटांचे १५०. १३५ ने पळालात तर झोन ४, तेवढ्याच वेळाचे २००. एका ठोक्यासाठी ५० गुण! रेषेच्या काठावर पळणाऱ्या माणसाचा स्कोअर असा उड्या मारतो, आणि बिचारा शोधत बसतो की काल जेवलो काय, झोपलो किती.

ही पायरी गुळगुळीत करण्यासाठी वेगळी सूत्रं आहेत. एरिक बॅनिस्टर यांचं सूत्र त्यांतलं जुनं आणि प्रसिद्ध. त्यात झोन नसतात, ठोका जसजसा वर जातो तसतशी मिनिटाची किंमत आधी हळू आणि मग झपाट्याने चढत जाते, कारण जोराने पळताना रक्तातलं लॅक्टेटही (श्रमात स्नायूंतून रक्तात येणारा पदार्थ) तसंच चढतं. त्यात टक्का मोजतात तो 'राखीव' ठोक्यांचा: कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा केले की उरतो तो पल्ला. फिनलंडचे कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये ही राखीव ठोक्यांची कल्पना मांडली. दादाचे सकाळी उठल्याउठल्याचे ठोके ५८. १७९ वजा ५८ म्हणजे १२१ चा पल्ला, आणि १३५ वर असताना त्यातले ७७ वापरलेले, जवळजवळ ६४ टक्के. या सूत्राने तीच धाव पुन्हा तीन सेटिंगांनी मोजली तर स्कोअर येतात ५२, ८६ आणि ६९. काठावरची उडी गेली. पण कमाल ठोके चुकीचे असतील तर उत्तर चुकीचंच राहतं. सूत्र कितीही हुशार असो, सुरुवातीचा आकडा तुम्हीच देता.

आता इथे पुष्कळ जण गोंधळतात ती जागा. कमाल ठोक्यांच्या हिशेबात दादाचे १३५ हे ७५ टक्के, म्हणजे झोन ३. राखीव ठोक्यांच्या हिशेबात तेच ६४ टक्के, म्हणजे तेच पाच पट्टे वापरले तर झोन २. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. गार्मिनच्या घड्याळात कमाल ठोके, राखीव ठोके किंवा लॅक्टेट थ्रेशोल्डचे ठोके (ज्यांच्या वर लॅक्टेट रक्तात झपाट्याने साचू लागतं ते), यांपैकी काय धरायचं ते निवडता येतं. अ‍ॅपलच्या घड्याळात २०२२ पासून झोन आहेत आणि ते आपोआप राखीव ठोक्यांवरून काढले जातात. स्ट्राव्हा या फोनमधल्या अ‍ॅपचा स्कोअर म्हणजे रिलेटिव्ह एफर्ट, ज्याचं आधीचं नाव सफर स्कोअर होतं, तो स्ट्राव्हात भरलेल्या झोनवर चालतो. म्हणजे घड्याळात एक सेटिंग आणि फोनमधल्या अ‍ॅपमध्ये दुसरं असेल, तर एकाच धावेचे दोन वेगळे निकाल येणार. माझा स्पष्ट सल्ला: दोन्हीकडचे कमाल ठोके आणि झोनच्या सीमा उघडून शेजारी शेजारी लिहून काढा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पळणाऱ्यांच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात. आणि म्हणूनच मित्राच्या स्कोअरशी आपला स्कोअर ताडू नका. त्याची पेटी वेगळी, रेषा वेगळ्या.

सेटिंग ठीक आहे पण ठोकेच चुकीचे, असंही होतं. मनगटावरचं घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडतं आणि रक्ताच्या लाटेबरोबर परत येणारा प्रकाश कसा कमीजास्त होतो यावरून ठोके ओळखतं. पट्टा सैल असला की घड्याळ प्रत्येक पावलाला हलतं, आणि मग ते पावलांची लय पकडून तिलाच ठोके समजतं. माझ्याबरोबर हे जुलैत झालं. पाऊस, घामाने बुळबुळीत मनगट, सैल पट्टा, आणि सड्यावरून खाली येणारा उतार. पावलं झपझप पडत होती, मी मजेत होतो, आणि आकडा १९० च्या वर. घड्याळात कमाल ठोके आपोआप ओळखण्याची सोय चालू होती. त्याने तो खोटा आकडा माझे नवे कमाल ठोके म्हणून ठेवून दिला. सगळ्या सीमा गुपचूप वर सरकल्या, आणि पुढचे काही आठवडे माझे सगळे स्कोअर पडलेले. मला वाटलं आपण एकदम सुधारलो! तेव्हापासून मी ती सोय बंद ठेवतो, पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर दोन बोटं घट्ट बांधतो, आणि जोराच्या दिवशी छातीचा पट्टा लावतो. तो हृदयाची विद्युत हालचाल थेट पकडतो, त्याला पावलांशी देणंघेणं नसतं.

दादाचे कमाल ठोके काढायला आम्ही जानेवारी निवडला, थंडीसाठी. आधी तो डॉक्टरांकडे जाऊन तपासून आला. चाळिशी ओलांडलेली असेल, बीपी किंवा साखर असेल, चालताना छातीत कधी भरून आलं असेल, तर ही पायरी वगळून पुढे जाऊच नका. आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी औषधं चालू असतील तर ठोके औषधानेच खाली ओढलेले असतात. अशा माणसाला वयाचं कुठलंच सूत्र लागू पडत नाही, त्याने झोन डॉक्टरांशी बोलूनच ठरवावेत.

वीस मिनिटं सावकाश पळून अंग गरम केलं. मग वाडीतून सड्यावर चढणारा जांभ्याचा रस्ता, अडीचएक मिनिटांची चढण. पहिल्यांदा जोरात, उतरताना चालत. दुसऱ्यांदा आणखी जोरात. तिसऱ्यांदा जीव खाऊन. पहिल्या चढणीच्या माथ्यावर आकडा होता १६८. सूत्राच्या मते इथे दादाचं हृदय संपायला हवं होतं, आणि तो म्हणत होता, "चल, परत." दुसऱ्या वेळी १७४. तिसऱ्या वेळी शेवटची वीस पावलं त्याची वाकडी पडली, तो गडग्याला दोन्ही हात टेकून उभा राहिला, आणि थांबल्यावरही दोन-तीन सेकंद आकडा वर चढत होता. १७७, १७८, १७९. तिथे टेकला आणि उतरायला लागला. तोच भरला.

इतका जोर नको असेल तर दुसरी वाट आहे. अर्धा तास एकट्याने, टिकेल तितक्या जास्तीत जास्त वेगाने सपाटीवर पळायचं आणि शेवटच्या वीस मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी घ्यायची. ती थ्रेशोल्डच्या ठोक्यांच्या जवळ जाते, आणि घड्याळात तशी सोय असेल तर झोन त्यावर बांधता येतात. लांब पल्ल्याच्या पळणाऱ्याला मी हीच सुचवेन. आणि काहीच करायचं नसेल तर निदान बोलून बघा. झोन २ मध्ये माणूस आरामात गजाली मारू शकतो, पूर्ण वाक्यं येतात. घड्याळ झोन ४ म्हणतंय आणि तुम्ही मासळी बाजारातली अख्खी हकीगत न थांबता सांगताय, तर सीमा खाली पडली आहे. उलट घड्याळ हलकं म्हणतंय आणि तुम्हाला दादासारखं वाक्य तोडावं लागतंय, तर सीमा वर गेली आहे. ही दुसरी चूक जास्त वाईट. पहिलीत माणूस उगाच हळू पळतो, दुसरीत तो थकलेलं शरीर आणखी रेटतो.

मनाची नोंद ठेवायचीही एक चांगली रीत आहे. धाव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, शून्य ते दहामध्ये आज किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. कार्ल फॉस्टर यांनी ही पद्धत रूढ केली. दादाने त्या डिसेंबरच्या धावेला पाच दिले होते. पाच म्हणजे जड, हलकं नव्हे. घड्याळाच्या आधी त्याच्या अंगाला कळलं होतं.

सेटिंग बदललं की मागचा आलेख आणि पुढचा आलेख जुळत नाही, हे लक्षात ठेवा. बदलाची तारीख कुठेतरी लिहून ठेवा आणि त्याआधीचे आकडे पुढच्यांशी ताडू नका. घड्याळ जो 'आठवड्याचा लोड' दाखवतं, तो जुन्यानव्या धावांच्या मिसळीने काही आठवडे विचित्र दिसेल. दादाचा एकदम वर गेला आणि घड्याळ त्याला विश्रांती घ्या म्हणू लागलं. त्या वेळी ती त्याला खरोखर हवीही होती.

मग मे आला, आणि दादाला पुन्हा सेटिंगचा संशय आला. जानेवारीत ज्या पेसला त्याचे ठोके १२० राहायचे, त्याच पेसला आता १३२. स्कोअर चढलेला. "परत बिघडलं काय रे?"

बिघडलं नव्हतं. हे आपल्या किनाऱ्याचं हवामान आहे. घाम येतो म्हणून आपण थंड होत नाही, घाम वाळतो म्हणून होतो. हवाच पाण्याने भरलेली असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. उष्णता बाहेर टाकायला शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं, घामाने रक्तातलं पाणीही कमी होतं, दर ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारं रक्त घटतं. स्नायूंना तेवढंच रक्त पोचवायचं तर ठोके वाढवण्यावाचून हृदयापुढे उपाय नाही. म्हणून एकाच धावेत, पेस तोच ठेवूनसुद्धा, चाळिसाव्या मिनिटाचे ठोके दहाव्या मिनिटापेक्षा वर असतात. हृदयाने जास्त काम केलं हे खरं आहे, आणि स्कोअर तेच सांगतो. पुळणीवर पळालात तरी तसंच. मऊ वाळूत पळायला कडक जमिनीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते, ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवर पुष्कळ कमी. तिथे पेस बघून काही कळत नाही, ठोके बघून कळतं. अशा वेळी झोनच्या सीमा सरकवून स्कोअर जानेवारीसारखा दिसेल असं करणं म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटरची रेषा पुसणं.

दादाला मी हे पुलाच्या अलीकडेच सांगितलं. त्याने सेटिंगला हात लावला नाही. पुलाच्या मधोमध ठोके १३१ झाले तसा तो चालायला लागला, कठड्याजवळून, गळ टाकून बसलेल्या एका पोराची बादली वाकून बघत. १२४ वर आल्यावर पुन्हा पळाला. असं चार-पाच वेळा केलं. बनापाशी पोचलो तेव्हा ५५ मिनिटं झाली होती आणि त्यातली ४१ झोन २ मध्ये. बादलीत काय होतं ते त्याने मला न थांबता, एका दमात सांगितलं.